मस्टरवर नाव, सातबाऱ्यावर नाही

आमची गिरणी कागदाची. खोपोलीच्या बाजूला. रद्दीचे गठ्ठे येतात, ते पाण्यात कालवायचे, लगदा करायचा, लगद्याचा परत कागद. गठ्ठ्यांत वह्या असतात, वर्तमानपत्रं असतात, कधी कुठल्या कचेरीची जुनी रजिस्टरंही निघतात. त्या रात्री माझ्या जोडीला साताऱ्याकडचा एक जण होता. माणूस चांगला. डबा उघडल्यावर आधी दुसऱ्याला विचारणारा. तो म्हणाला, "सरकार शेतकऱ्याला एवढं देतंय. खात्यात पैसे, विहिरीला पैसे, आंब्याची कलमं. तुझं गाव तर इथनं तासाभरावर, पाऊस बी चिक्कार. मग तू हितं मरायला कशाला आलास?"

मशीनचा आवाज होता, म्हणून बरं. मी नुसतं हसलो. पण तो प्रश्न दोन महिने डोक्यात घोळत राहिला. सरकार देतं हे खरंच आहे. दीडशे वर्षं देतंय. मग आमच्या घरात ते आलं का नाही?

दोस्तांनो, मी काही इतिहासाचा प्राध्यापक नाही. दहावीनंतर शाळा सुटली. जे वाचलं ते पाळी सुटल्यावर, डोळ्यांत झोप घेऊन वाचलं. कायद्याची मराठी समजत नाही तेव्हा वाक्य तीनदा वाचतो. चौथ्यांदा समजतं, आणि मग झोप उडते.

सुरुवात तगाईपासून करतो. १८८३ साली इंग्रज सरकारने जमीन सुधारणा कर्जाचा कायदा केला. विहीर खणा, बांध घाला, ताल घाला, सरकार कर्ज देईल. पुढच्याच वर्षी, १८८४ ला, शेतकरी कर्जाचा कायदा आला. तो बी-बियाण्यासाठी, बैलासाठी. लोकांनी दोघांनाही एकच नाव दिलं, तगाई. सावकारापेक्षा व्याज हलकं. ऐकायला चांगलं आहे. पण कर्ज म्हटलं की तारण आलं, आणि मुख्य तारण म्हणजे जमीन. जमीन कोणाच्या नावावर, ते सरकारी दप्तर सांगणार. म्हणजे मामलेदाराच्या दारात पाऊल टाकायच्या आधी माणसाचं नाव कागदावर पाहिजे. ज्याच्या पायाखाली स्वतःची माती नाही, त्याला ती माती सुधारायला कोण कर्ज देणार?

त्याच १८८३ साली पुण्यात जोतीराव फुले 'शेतकऱ्याचा असूड' पुरा करीत होते. आपल्या पोरांना असूड म्हटलं की ब्राह्मण कामगारांवरची टीका तेवढी आठवते. शेवटचं प्रकरण वाचा. तिथे जोतीबा माती आणि पाण्याबद्दल बोलतात. पावसाबरोबर शेतातलं सत्त्व वाहून जातं, ते अडवा. सरकारच्या पलटणीतले शिपाई आणि जास्तीचे पोलीस बसून आहेत, त्यांच्याकडून जागोजाग ताली-बंधारे घालून घ्या, म्हणजे पाणी मुरेल. गायरानं जंगलखात्याने गिळली आहेत ती परत करा. आज ज्याला मृदसंधारण म्हणतात, पाणलोट म्हणतात, ते एका माळ्याने तेव्हा लिहून ठेवलं होतं. आणि फरक बघा. जोतीबांच्या योजनेत बांध घालायचा तो सरकारने, सरकारच्या माणसांकडून. आधी कागद दाखव आणि मग बांध, असं नाही. सरकारने मात्र कर्जाचा रस्ता धरला.

आता आपला मुलूख. कर्जत तालुका १८९१ पर्यंत ठाणे जिल्ह्यात होता, मग कुलाब्यात आला. खालापूर बरेच दिवस कर्जतचंच पेटं होतं. कुलाब्याचं रायगड झालं १९८१ साली. नावं बदलली, जमिनीची उतरंड तीच राहिली. खाली उल्हास आणि पाताळगंगेच्या काठाला भाताची खाचरं. त्याच्या वर माळ आणि वरकस, तिथे नाचणी, वरी. त्याच्या वर जंगल आणि डोंगर, एका बाजूला माथेरान, एका बाजूला सह्याद्रीची भिंत. पाऊस तीन हजार मिलिमीटरच्या पुढे. एवढा पाऊस चार महिन्यांत कोसळतो आणि वरची माती उचलून खाली नेतो. खाली ज्याचं खाचर आहे त्याच्या पदरात गाळ, वर जो आहे त्याच्या हातात धोंडे. आणि वर कोण? वर कातकरी, ठाकूर. खाली कोण, ते सांगायला नको. मधे कुठेतरी, गावाच्या कडेला, आम्ही.

भातासाठी इथे राब भाजतात. झाडाची कवळं तोडायची, पालापाचोळा, शेण, वाळलेलं गवत जमिनीवर पसरायचं, उन्हाळ्यात पेटवायचं, आणि त्या राखेत पाऊस पडल्यावर बी टाकायचं. रोप तरारून येतं. १८७८ च्या जंगल कायद्यानंतर कवळं तोडायची बंदी आली, वनरक्षकाचा दंड आला. ठाणे-कुलाब्यात एवढा बोभाटा झाला की सरकारला १८८५ साली चौकशीला कमिशन नेमावं लागलं. दोन वर्षांनी त्याचा अहवाल आला. राबाचा हक्क हा त्यातला मोठा वाद. पण राबासाठी कवळं कोणाला मिळणार, तर ज्याचं भाताचं शेत आहे त्याला. डोंगरातल्या माणसाला शेत नाही, म्हणून राब नाही. त्याला वनखात्याने दिली ती दळी. दळी म्हणजे जंगलातला तुकडा, वरी-नाचणी पिकवायला दिलेला. बऱ्याच ठिकाणी एका नाईकाच्या नावावर, आणि कसणारी घरं दहा-पंधरा. बाकीच्यांचं नाव कुठेच नाही. पिढ्यान् पिढ्या कसायची, पण मालक वनखातं.

आमचं म्हणाल तर आमच्याकडे वतन होतं. वतन म्हटलं की देशावरच्या लोकांच्या डोळ्यांपुढे मोठ्या जमिनी येतात. कोकणात महारवतनाची जमीन थोडी. आमच्या घराण्याच्या वाट्याला बत्तीस गुंठे, तेही सगळ्या भावकीत. त्या बत्तीस गुंठ्यांसाठी आमच्या आज्याच्या बापाने टपाल वाहिलं, सरकारी माणसाचं ओझं वाहिलं, मेलेलं ढोर ओढलं, रात्री-अपरात्री हाळी आली की धावला. जमीन म्हणजे पगार, आणि पगार म्हणजे गुलामीची दोरी. ह्या जमिनीवर तगाई कशी मिळणार? ती विकता येत नाही, गहाण टाकता येत नाही. आजा म्हणायचा, "आपली जमीन आपल्याला बांधून ठेवायला व्हती, पिकवायला नव्हती."

बाबासाहेबांनी हे फार लवकर ओळखलं. १९१८ साली त्यांनी हिंदुस्थानातल्या लहान शेतांवर इंग्रजीत निबंध लिहिला. त्या काळी सगळे विद्वान म्हणत होते, शेतं लहान आहेत, तुकडे जोडा, म्हणजे शेती सुधारेल. बाबासाहेबांनी प्रश्न उलटा केला. शेत लहान की मोठं हे नुसत्या एकरावर ठरत नाही. त्या शेताला भांडवल किती, अवजारं किती, आणि त्या मातीवर किती माणसं निष्कारण लटकलेली आहेत, त्यावर ठरतं. दोन एकर आहे पण बैल नाही, विहीर नाही, तर ते दोन एकरही जास्तच. म्हणून जास्तीची माणसं शेतीवरून उठून कारखान्यात गेली पाहिजेत. मी हा निबंध पहिल्यांदा वाचला तेव्हा मला वाटलं, हा माझ्यावरच लिहिलाय. मी कारखान्यात आलो की नाही? आलो. पण सात वर्षं ठेकेदाराच्या हजेरीवर आहे, पर्मनंट नाही. तेवढा भाग अजून व्हायचा आहे.

१९२८ साली बाबासाहेबांनी मुंबई कौन्सिलात महारवतनाचं बिल आणलं. सेवा बंद करा, जमीन रयतावारी करून महाराच्या नावावर करा, ही मागणी. ते पार पडलं नाही. १७ सप्टेंबर १९३७ ला खोती नष्ट करण्याचं बिल आणलं. खोती मुख्यतः रत्नागिरीची आणि खालच्या कुलाब्याची. अलिबाग तालुक्यात चरीच्या शेतकऱ्यांनी नारायण नागू पाटलांबरोबर १९३३ पासून जो संप चालवला तो सहा वर्षं चालला. १० जानेवारी १९३८ ला कोकणचे शेतकरी मुंबईत कौन्सिलवर मोर्चा घेऊन गेले. त्यात आगरी, कुणबी, महार एकत्र होते. हे मुद्दाम लिहितो, कारण पुढे काय झालं ते ऐकल्यावर हे आठवावं लागेल.

आमच्या कर्जत भागात खोतापेक्षा सावकाराचा जाच. पावसाळ्यात घरात दाणा नसायचा, तेव्हा सावकाराकडून खावटी आणायची, आणि पीक आल्यावर वाढीदिढीने परत घालायची. माथेरानचे भाई कोटवाल, वकील झालेला नाभिक समाजाचा पोरगा, त्यांनी ४२ च्या आधी इथे धान्यकोठ्या उभ्या केल्या. गावाचा दाणा गावाच्या कोठीत, सावकाराकडे जायचं नाही. २ जानेवारी १९४३ ला सिद्धगडावर पोलिसांच्या गोळीने ते आणि हिराजी पाटील गेले. त्यांचा पुतळा आहे, चौकाला नाव आहे. शाळेत आम्हाला त्यांनी विजेचे टॉवर पाडले हे शिकवलं. धान्यकोठ्या शिकवल्या नाहीत. माझ्या मते शिकवण्याजोगी गोष्ट तीच होती. तिथे दाणा न्यायला सातबारा लागत नव्हता, भूक लागत होती.

मग स्वराज्य आलं. कायदेही आले, आणि ते खोटे नव्हते, हेही कबूल करू. १९४८ चा कूळकायदा. १९४९ चा खोती रद्द करण्याचा कायदा. १ एप्रिल १९५७, कृषक दिन. त्या दिवशी जो कूळ म्हणून कसत होता तो मालक मानला गेला. ३२-ग ची चौकशी, किमतीचे हप्ते, सर्टिफिकेट. कर्जत-खालापुरात कितीतरी आगरी, कुणबी, मराठा घरं त्या दिवशी माणसांत आली. त्याचा मला आनंद आहे. पण कूळ कोण? ज्याचं नाव कूळ म्हणून लागलेलं आहे तो. ज्याने खंड भरला तो. आणि त्या कुळाच्या शेतात जो चिखल तुडवत होता, लावणी करत होता, आणि संध्याकाळी पायलीभर भात घेऊन घरी जात होता, तो गडी. गड्याचा रकाना सातबाऱ्यात नाही. ३८ साली मोर्च्यात तिघे एका रांगेत होते. ५७ साली दोघे शेतकरी झाले. तिसरा शेतमजूरच राहिला. हे कोणी कट करून केलं असं मी म्हणत नाही. नियमच तसा होता, आणि नियम कोणाला दिसतो हे तुम्ही कुठे उभे आहात त्यावर आहे.

वतनाचा कायदा शेवटी १९५८ ला झाला, १ ऑगस्ट १९५९ पासून लागू. बाबासाहेब ते बघायला नव्हते. सेवा गेली. जमीन आधी सरकारजमा झाली, आणि आकारणीच्या पटीत रक्कम भरली की परत त्याच वतनदाराला द्यायची. पण नव्या शर्तीने. म्हणजे कलेक्टरच्या परवानगीशिवाय विकता येणार नाही. आज सातबाऱ्यावर 'भोगवटादार वर्ग २' दिसतं ते तेच. आता रक्कम भरायची कुठे, किती दिवसांत, हे सांगायला महारवाड्यात कोणी आलं का? काहींनी भरली. काहींनी भरली नाही, आणि कागदावर स्वतःच्याच जमिनीवर अतिक्रमणवाले झाले. आमच्या आज्याने भरली. कशी? आजीची चांदीची पाटली गेली. पावती मात्र आज्याच्या नावाची. आजीचं नाव त्या कागदावर तेव्हाही नव्हतं, आजही नाही. दोस्तांनो, गावाने आम्हाला वगळलं हे आपण ओरडून सांगतो. आपल्या घरात आपण कोणाला वगळलं, हे कोण सांगणार? आजी वारली तेव्हा वारस म्हणून पोरांची नोंद झाली, पोरींची नाही.

आता योजना. १९५३ पासून सरकारने जपानी भातशेतीचा प्रचार केला. मुंबई राज्यात त्याचे प्रयोग बोरिवलीच्या कोरा केंद्राने केले होते. बी मिठाच्या पाण्यात टाकायचं, तरंगेल ते फेकायचं. गादीवाफ्यावर रोप करायचं. दोरी धरून ओळीत लावणी. खत टाकायचं. पद्धत चांगली होती, उगाच नावं ठेवणार नाही. कर्जतच्या भात संशोधन केंद्राने पुढे कर्जत-१८४, कर्जत-३ अशा जाती काढल्या, त्या आज कोकणात सगळीकडे आहेत. पण खत सोसायटीतून, सोसायटीचं कर्ज खातेदाराला. ओळीत लावणी करायला बाया आमच्या, दोरी धरायला पोरं आमची. पीक वाढलं ते ज्याचं खाचर त्याचं. आई सांगते, जपानी आल्यावर फरक एवढाच पडला की वाकून मागे सरकताना दोरीकडे पण बघावं लागायचं.

पाण्याचंही तेच. टाटांची खोपोलीची वीज १९१५ ची, भिवपुरीची १९२२ ची. घाटावरच्या नद्यांचं पाणी अडवून डोंगरातून खाली सोडलं, त्यावर मुंबईच्या गिरण्या चालल्या. भिवपुरीचं वापरून झालेलं पाणी पुढे राजनाल्याने कर्जतच्या शेतांत फिरलं आणि उन्हाळी भात पिकू लागलं. वीज करून उरलेलं पाणी, पण त्यानेही तालुक्यातल्या किती घरांत दुसरं पीक आलं. नाला मात्र खालच्या अंगाने जातो. बौद्धवाडा वरच्या अंगाला, वाड्या त्याच्याही वर. पाण्याला जात नाही म्हणतात. पण पाण्याला उतार असतो, आणि उतारावर कोण बसलं हे जातीने आधीच ठरवून ठेवलं होतं.

आता मातीच्या कामावर येतो, कारण माझ्या घराचा खरा इतिहास तिथे आहे. जमीन सुधारणेचा कायदा १९४२ चा. त्यातून बांधबंदिस्ती सुरू झाली, ती आधी देशावरच्या कोरड्या तालुक्यांत. कोकणात उताराला पायऱ्या पाडून भातखाचरं करायची, त्याला मजगी म्हणतात. मग १९७२ चा दुष्काळ. वि. स. पागे यांची कल्पना, रोजगार हमी. कायदा १९७७ चा, २६ जानेवारी १९७९ पासून लागू. मागेल त्याला काम. असा हक्क त्या वेळी देशात दुसऱ्या कुठल्या राज्याने कायद्यात लिहिला नव्हता. ह्या कायद्याला मी वाईट म्हणणार नाही. ह्या कायद्यावर माझा बाप जगला.

आजी, आई, चुलती, तिघी मजगीच्या कामावर जायच्या. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर घमेलं. मुकादम चौकडी मापायचा. मापात माती दबली की मजुरी कमी. आई म्हणते, मुकादमाच्या काठीची लांबी दर आठवड्याला बदलायची. पण नाव मात्र रोज मस्टरवर लागायचं. अंगठा तिथे. आमच्या घरातल्या बायांचं नाव सरकारच्या कागदावर जर कुठे पहिल्यांदा लागलं असेल, तर ते ह्या मस्टरवर. ज्या उतारावर त्यांनी दगड रचले, तिथे आज भात होतं. बांध अजून उभा आहे. मी त्यावरून चाललो आहे. सुट्टीच्या दिवशी गेलो की पाय तिकडे वळतात. दगड कसा बसवलाय बघा, मोठं तोंड आत, बारीक बाहेर, फटीत चिपा. चाळीसच्या वर पावसाळे गेले, हलला नाही. जमीन दुसऱ्याची. तेव्हाच्या मालकाने ती मुंबईच्या माणसाला विकली, आता तिथे लोखंडी गेट आहे आणि कुत्रा आहे. मागच्या वर्षी कुत्रा माझ्या अंगावर आला. त्याचं तरी काय चुकलं? त्याला मालक ओळखायला शिकवलंय, बांध घालणारी कोण ते नाही.

१९९० साली रोजगार हमीला फळबाग जोडली. आंबा, काजू, सरकारच्या खर्चाने. कोकणातले वरकस माळ हिरवे झाले, हे डोळ्यांना दिसतं. पुढे २०१८ ची भाऊसाहेब फुंडकर फळबाग योजना. त्यात कोकणात दहा हेक्टरपर्यंत लाभ. दहा हेक्टर म्हणजे पंचवीस एकर. पंचवीस एकरवाल्याला सरकार कलमं देतं, आणि बत्तीस गुंठेवाल्या आमच्या भावकीला बारा सह्या गोळा करायला सांगतं.

ते कसं, ते सांगतो. २०१७ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर कृषी स्वावलंबन योजना आली. अनुसूचित जाती आणि नवबौद्ध शेतकऱ्यांसाठी. नवी विहीर, तेव्हा अडीच लाख अनुदान, पुढे वाढलं. नाव बाबासाहेबांचं. बाबांनी वर्तमानपत्राचं कात्रण कापून ठेवलं, कपाटात प्रतिमेच्या मागे. विहिरीसाठी जमीन पाहिजे किमान चाळीस आर, म्हणजे एक एकराला थोडी कमी. आमची सगळ्या भावकीची मिळून बत्तीस गुंठे. त्यात बाबांचा हिस्सा धरला तर खाट टाकायला जागा. तरी बाबा गेले. एका कचेरीत, एका टेबलावर. तिथला माणूस उद्धट नव्हता, तेही सांगितलं पाहिजे. त्याने सातबारा वाचला, बोटाने नावं मोजली आणि म्हणाला, "काका, ह्यात तर मेलेले पण आहेत. आधी वारस नोंदी करा. मग वाटप करा. मग बघू." एक चुलता उल्हासनगरला, एक बदलापूरला, एकाची पोरं कुठे आहेत पत्ता नाही. बाबा घरी आले, कात्रण परत प्रतिमेच्या मागे ठेवलं. म्हणाले, "बाबासाहेबांच्या नावाची विहीर आहे रं, पण खणायला बाबासाहेबांचाच शिकलेला माणूस पायजे."

दादासाहेब गायकवाडांच्या नावाचीही योजना आहे. दादासाहेबांनी भूमिहीनांसाठी जे सत्याग्रह केले, १९५९ चा आणि डिसेंबर १९६४ पासूनचा, त्यात लाखो माणसं तुरुंगात गेली. आपल्या चळवळीचा एवढा मोठा लढा जमिनीसाठी झाला, आणि आपली पोरं तो जयंतीच्या भाषणात एका ओळीत उरकतात. २००४ साली त्यांच्या नावाने योजना आली. दारिद्र्यरेषेखालच्या भूमिहीन अनुसूचित जाती-नवबौद्ध कुटुंबाला चार एकर कोरडवाहू किंवा दोन एकर बागायती. आधी अर्धं अनुदान, अर्धं कर्ज. २०१८ पासून सगळंच अनुदान, पण सरकार भाव देणार कोरडवाहूला एकरी पाच लाखांपर्यंत, बागायतीला आठ लाखांपर्यंत. आता कर्जतला येऊन बघा. स्टेशनपासून आत जाणाऱ्या कुठल्याही रस्त्यावर पाट्या आहेत. इथे भाव गुंठ्याला विचारतात, एकराला नाही, आणि गुंठाच लाखांत. चाळीस गुंठे पाच लाखाला कोण देईल?

आणि ज्यांच्याकडे आपण बघितलंच नाही, ते वरचे. कातकरी वीटभट्टीवर जातो, आठ महिने गाव सोडून. परत येईपर्यंत दळीवर वनखात्याची रोपं लागलेली. वनहक्क कायदा २००६ चा, त्याने दळीवाल्यांना दावा करायची वाट दिली. रायगडात सर्वहारा जनआंदोलनासारख्या संघटनांनी दळीसाठी वर्षानुवर्षं काम केलं. आपण त्या मोर्च्यात किती जण गेलो? मी गेलो नव्हतो. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यात इर्शाळवाडीवर डोंगर आला. ठाकरांची वाडी. २७ प्रेतं मिळाली, ५७ माणसं मातीखालीच राहिली, शोध थांबवला. विधानसभेत सांगितलं गेलं की ही वाडी धोक्याच्या यादीत नव्हती. आमची पाळी सुटली त्या सकाळी गिरणीतली काही पोरं वर चढली होती. मी खाली पाण्याच्या बाटल्या देत उभा होतो. कागदावर नसणं म्हणजे काय ते त्या दिवशी मला कळलं. योजना मिळत नाही एवढंच नसतं ते.

आता सातारकराच्या प्रश्नाचं उत्तर. खात्यातले पैसे, ते २०१९ चे प्रधानमंत्री किसानचे, वर्षाला सहा हजार, तीन हप्त्यांत. राज्याचे नमोचे २०२३ पासून आणखी सहा हजार. दोन्ही जमिनीच्या नोंदीवर. कसणाऱ्याला नाही, अर्धेलीने करणाऱ्याला नाही. लोखंडी गेटवाल्याचं नाव सातबाऱ्यावर आहे. आणि २०२५ पासून राज्यात शेतकरी ओळख क्रमांक सक्तीचा झाला, तो नसेल तर योजनाच नाही. तो क्रमांकही सातबाऱ्याला जोडलेला. तगाईच्या वेळी मामलेदार विचारायचा, आता मोबाइल विचारतो. प्रश्न तोच.

म्हणून आम्ही तिघांनी एक काम काढलंय. गावात १९५९ नंतर कोणाकोणाच्या वतनाच्या जमिनी नव्या शर्तीने परत मिळाल्या, कोणाच्या नाही, त्याचे जुने फेरफार काढायचे. अर्ज करायचा, फी भरायची, नक्कल घ्यायची. वारसांत पोरींची नावं लावायची. आईचं पहिलं. मग बदलापूरच्या चुलत्याकडे जायचं. १९९१ च्या शासन निर्णयाने १४ एप्रिल १९९० पर्यंतची दलितांची गायरानावरची अतिक्रमणं कायम करायची होती. आमच्या गावातल्या तीन घरांचं काय झालं तेही त्याच दप्तरात सापडेल. ज्यांना आपापल्या गावात हे करायचं असेल त्यांनी फेरफार नंबर आधी सातबाऱ्यावरून उतरवून घ्यावेत. वर्तुळात लिहिलेले आकडे असतात, तेच. नाहीतर कारकून दोन खेपा घालायला लावतो.

माझी सुट्टी गुरुवारी. मागच्या गुरुवारी अर्ज दिला. रेकॉर्डातले काही गठ्ठे जुने झाल्याने वेगळे काढले आहेत, शोधावं लागेल, पुढच्या गुरुवारी या, असं सांगितलं. तेव्हापासून गिरणीत गठ्ठा फुटला की मी लगद्यात टाकायच्या आधी वरची पानं उलटून बघतो. सातारकर विचारतो, काय शोधतोस. त्याला सांगितलं, आज्याचं नाव. आता तोही बघतो.